कोजागिरीला सुटलेली युद्धनौका

गेल्या कोजागिरीला माझ्या हातून एक युद्धनौका सुटली.

हे वाक्य लिहून मी चार दिवस थांबलो. लेखन हे अधिकारी माणसांचे काम आहे आणि माझा त्यात कोणताही अधिकार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हाती लेखणी घेऊन आपला वेळ घेतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझे आजवरचे एकमेव प्रकाशित साहित्य म्हणजे वॉटफर्डच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत लावलेली 'कृपया अ‍ॅसिडची बाटली हुंगू नये' ही पाटी. (त्यातले 'कृपया' माझे, बाकी मजकूर मुख्याध्यापकांचा.) पुण्याहून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊनही त्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे सहायकच राहिलो, कारण शिक्षक व्हायचे तर वर्गासमोर बोलावे लागते. मी अतिशय भिडस्त माणूस आहे. बसमध्ये माझा थांबा आला तरी घंटी दाबायचा मला संकोच वाटतो. दुसरे कोणीतरी दाबेल म्हणून मी वाट पाहतो आणि मग दोन थांबे परत चालत येतो.

माणूस इतका भिडस्त असला की त्याच्या हातून फारसे काही बिघडत नाही, असा माझा समज होता.

आता त्या नौकेविषयी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी या देशात छोट्या लाकडी बोटी शेकड्यांनी बांधण्यात आल्या. लोखंड मोठ्या जहाजांना हवे होते, म्हणून यांचे भाग खुर्च्या-कपाटे करणाऱ्या सुतारांकडून करून घेतले आणि किनाऱ्यावर नेऊन जोडले. पाण्यात ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी ऐकून पाणबुडी कुठे आहे ते ताडायचे आणि स्फोटकांची पिंपे तिच्या डोक्यावर लोटून द्यायची, हे त्यांचे काम. युद्ध संपले आणि या बोटी जवळजवळ एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. काही सहलीच्या माणसांची ने-आण करू लागल्या, काही चिखलात कुजल्या, आणि काहींची इंजिने काढून घेऊन लोकांनी त्यांत संसार थाटले. (निवृत्तीनंतर माझेही साधारण असेच झाल्यामुळे मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटते.)

आमची मुलगी केतकी आणि जावई मार्क अशाच एका बोटीत राहतात. मार्क जुने लाकडी फर्निचर दुरुस्त करतो. त्यामुळे शंभर फूट लांबीचे, तळाशी गळणारे फर्निचर पाहताच तो तिच्या प्रेमात पडला. एसेक्सच्या एका खाडीत, काठाला दोन दोरांनी बांधलेली ही बोट वर्षानुवर्षे चिखलात बसून होती.

सुनंदाने, म्हणजे माझ्या पत्नीने, ही सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "अहो, म्हणजे त्या घरातून बॉम्ब टाकायचे?"

"पूर्वी. आता तिथे वॉशिंग मशीन आहे."

"आणि तुम्ही त्या घराची शांत नाही केलीत?"

'तुम्ही' म्हणजे मी. हाउन्सलोचे लेलेगुरुजी (सोमवार ते शुक्रवार विमानतळावर कार्गोत, शनिवार-रविवारी धर्मकार्यात) यांना फोन गेला. वास्तुशांतीला खाली जमीन लागते आणि इथे तर खाली चिखल, अशी अडचण त्यांनी काढली. मग सत्यनारायण करावा असे ठरले. दिवस कोणता? पौर्णिमा! त्यातून कोजागिरी, त्यातून शनिवार! इथल्या मराठी मंडळाच्या प्रमुख, इल्फर्डच्या शालिनीताईंना हे कळले मात्र, त्यांनी आमच्या मंडळाची कोजागिरीही बोटीवरच करण्याचे जाहीर केले आणि बस ठरवून टाकली.

त्याच संध्याकाळी केतकीचा मला फोन आला.

"बाबा, लिसन. त्या सॅटर्डेला पूजा नको. मुरिंग कमिटीचा, म्हणजे बोटींना जागा देणाऱ्यांचा, लेटर आलाय. आमचा बोट तरंगतो की नाही ते बघायला मिस्टर विल्मॉट येणार आहेत."

"तरंगते म्हणजे? बोट आहे ना ती?"

"तेच तर! कमिटी म्हणते ती बोट नाही, चिखलातला कचरा आहे. त्या दिवशी वर्षातली हायेस्ट टाइड आहे. त्यात ती उचलली गेली तर परमिट मिळणार. नाही तर तोडून टाकणार, बाबा. आमचं घर! मागच्या टाइडला फक्त एक इंच कमी पडला. मार्कने बुक्स, सोफा, सगळं बाहेर काढलंय वजन कमी करायला. आईला सांगशील ना?"

"सांगतो," मी म्हणालो, आणि खरोखर सांगणार होतो.

पौर्णिमेला समुद्राला उधाण येते, हा विषय मी एम.एस्सी.ला दहा गुणांसाठी लिहिला होता व नऊ गुण मिळवले होते. परंतु परीक्षेत तो पाण्याविषयी विचारला होता, मुलीच्या घराविषयी नव्हे. शिवाय मी सांगायला गेलो तेव्हा सुनंदा प्रसादाचा रवा भाजत होती, आणि रवा भाजणाऱ्या सुनंदाशी बोलण्याची आमच्याकडे पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी ती फोनवर होती. तिसऱ्या दिवशी मी धीर करून एक चिठ्ठी लिहिली आणि फ्रिजला लावली. चौथ्या दिवशी तिच्यावर केळी, तुळस आणि विड्याच्या पानांची यादी लागली. मला तो एक प्रकारचा निकालच वाटला.

शनिवारी सकाळी अकरा वाजता खाडीच्या काठी बसमधून चाळीस माणसे उतरली! पैठण्या, झब्बे, दोन हार्मोनियम, आणि आटीव मसालेदार दुधाचा एक पाणबुडीएवढा थर्मास.

केतकी डेकवर आली आणि जागीच थबकली. "बाबा!"

"मी चिठ्ठी लिहिली होती," मी पुटपुटलो.

"किती लोक आणलास तू! मी माझा बुकशेल्फ बाहेर काढला रे!"

मी तिला हळूच समजावले की चाळीस माणसांच्या वजनाने एवढी लांब बोट जेमतेम पाऊण इंच अधिक बुडेल. विज्ञानाने तिचे समाधान झाले नाही. मार्क मात्र सज्जन माणूस. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्याने हात जोडून "या, या, बसा!" असे म्हटले आणि आत जाऊन भिंतीला कपाळ टेकले.

नेमक्या या घटकेला मी जर एका कोपऱ्यात उभा राहिलो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण सुनंदा रांगोळीचा डबा घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाशी, जिथे काठावरून आत यायची फळी होती तिथे, उभी होती.

"अहो, हे काय हिरवं, बुळबुळीत दारात पडलंय?"

"दोर दिसतो आहे."

"लक्ष्मीच्या वाटेत असलं घाण दोरखंड ठेवतात का कुणी? काढा ते आधी. मला रांगोळी काढायचीय."

मार्कला विचारावे असे माझ्या मनात आले. पण तो कपाळ टेकून उभा होता. अशा माणसाला हाक कशी मारावी? मी दोराचे एक टोक काठावरच्या खुंटावरून सोडवले. दुसरे टोक बोटीवरच्या खुंटीला होते. अर्धवट काम करण्याची मला सवय नाही, म्हणून तेही सोडवले. मग प्रयोगशाळेत रबरी नळ्या ठेवत असू तशी त्याची सुबक गुंडाळी केली आणि वर वर्तमानपत्र झाकले. सुनंदा "छान" म्हणाली. (हा शब्द मी तिच्या तोंडून वर्षातून एकदाच ऐकतो. त्या वर्षाचा तो होता.)

मिस्टर विल्मॉट बारा वाजता आले. ऐंशीच्या पुढचे, ताठ, निळा कोट, छातीवर दोन पदके. तरुणपणी ते अशाच एका बोटीवर होते. हातात कागद लावलेली पाटी होती आणि मुद्रा अशी, की बोट त्यांनी तोडूनच टाकली आहे आणि आता केवळ दुःख व्यक्त करायचे आहे. फळीपाशी येताच शालिनीताई त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"शूज, प्लीज."

"मॅडम, मी इथे तपासणीला आलो आहे."

"हो हो, तपासा ना. पण शूज काढून."

काठावर चाळीस जोड्यांची रांग होती. तिच्या शेवटी मिस्टर विल्मॉट यांचे चकचकीत काळे बूट विराजमान झाले. त्यांच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले आणि कोणी पाहिले नाही असे दाखवले. त्यांना गंध लावून पहिल्या रांगेत बसवण्यात आले.

गुरुजींनी केतकी-मार्कना पूर्वेकडे तोंड करून चौरंगापुढे बसवले. पूर्व नक्की करायला त्यांनी बोटीवरचेच जुने होकायंत्र मागून घेतले, फुले वाहिली आणि पुढ्यात ठेवले. पोथी सुरू झाली. आता त्या पोथीत प्रसाद न घेता निघून गेल्यामुळे एका व्यापाऱ्याची नौका बुडते, असा भाग आहे. आजवर मी तो शंभर वेळा ऐकला असेन, पण बोटीत बसून पहिल्यांदाच! चाळीस माणसे जमिनीकडे, म्हणजे तळाकडे, पाहत ऐकत होती.

खाडीचे पाणी चढू लागले. बाहेरच्या खांबावर मार्कने खडूने रेघ मारली होती. पाणी रेघेपर्यंत आले की बोट उचलली जायला हवी. पाणी रेघेपर्यंत आले. बोट हलली नाही.

केतकी पूजेवरूनच कुजबुजली, "काकू, मावशी, प्लीज! सगळे दहा मिनिटं खाली उतरा ना. नाही तर आमचं घर जाणार."

शालिनीताईंनी डोळे मोठे केले. "प्रसादाआधी?"

"प्लीज!"

"अगं, आत्ताच काय ऐकलंस? त्या बिचाऱ्याची नौका कशाने बुडाली? प्रसाद न घेता उतरले म्हणूनच ना? तुझ्या घराचं वाटोळं आमच्या हातून नाही हो व्हायचं!"

"मग लवकर प्रसाद द्या!"

"आरतीआधी?" आता गुरुजींनी डोळे मोठे केले.

मिस्टर विल्मॉट यांनी घड्याळ पाहिले, कागदावर काहीतरी लिहिले आणि मार्कच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो. दवाखान्यात वाईट बातमी सांगताना ठेवतात तसा होता. केतकीने पदराने डोळे टिपले. मी दोन्ही हातांनी शंख धरून बसलो होतो. माझ्या मुलीचे घर चाललेले मला दिसत होते आणि चाळीस माणसे मी आणली म्हणूनच ते चालले होते.

आरती झाली. आणि मग गुरुजी म्हणाले, "प्रदक्षिणा!"

बोट लांब, पण अरुंद. चौरंग मध्ये. चाळीस माणसे त्याभोवती फिरायची म्हणजे आधी सगळी उजवीकडे दाटायची, मग सगळी डावीकडे. पहिल्या फेरीला तळातून कुरकुर ऐकू आली. मिस्टर विल्मॉट यांनी मान वर केली. दुसऱ्या फेरीला कपबशा खणखणल्या. मिस्टर विल्मॉट ताडकन उभे राहिले.

"गुड लॉर्ड! थांबू नका! चिखलात रुतलेली बोट सोडवायला आम्ही अगदी हेच करायचो! सगळे या बाजूला, मग सगळे त्या बाजूला! पळा!"

"प्रदक्षिणेत पळायचं नसतं," गुरुजी म्हणाले.

"पळा!" मिस्टर विल्मॉट गरजले, आणि स्वतः गंधासकट, भोकाच्या मोज्यासकट धावू लागले! त्यांच्यामागे शालिनीताई, त्यांच्यामागे हार्मोनियमवाले, त्यांच्यामागे उचललेल्या पैठण्या. उजवीकडे! डावीकडे! झांजा चालूच होत्या. पाचव्या की सहाव्या वेळेला तळाखालून 'ढुप्प' असा जेवण झाल्यासारखा तृप्त आवाज आला, आणि पायाखालची जमीन एकदम मऊ झाली.

"तरंगली!" मार्क किंचाळला. "आई! बाबा! तरंगली!" त्याने सुनंदाला उचलून गरकन फिरवले. केतकी रडत होती, हसत होती, मिस्टर विल्मॉट यांच्या गळ्यात पडत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत शंख फुंकला. तो वाजलाही!

या जल्लोषात गुरुजींचा गंभीर आवाज आला. "यजमान, जरा डावीकडे सरका. पूर्व हलली."

सगळे हसले. मार्क-केतकी डावीकडे सरकले.

"अजून थोडे डावीकडे. अजून. अहो, ही पूर्व थांबत का नाही?"

मी खिडकीतून पाहिले. काठावर आमचे जोडे ओळीने उभे होते आणि हळूहळू दूर जात होते.

बोट मागच्या दोराने बांधलेली होती. पुढचा दोर मी सोडवलेला. त्यामुळे उघड्या दारासारखी ती संपूर्ण खाडीभर फिरत निघाली होती. फळी केव्हाच पाण्यात पडली होती. मार्क धावत पुढे गेला आणि धावत परत आला.

"पुढचा दोर! पुढचा दोर कुठे गेला?"

मी हात वर केला. (शाळेची सवय.)

"गुंडाळून ठेवला आहे," मी म्हणालो. "वर्तमानपत्राखाली. स्वच्छ."

मिस्टर विल्मॉट यांनी माझ्याकडे जे पाहिले, तसे पूर्वी त्यांनी फक्त पाणबुडीकडे पाहिले असेल. "फेका! काठावर तो माणूस उभा आहे, त्याच्याकडे फेका! आत्ता!"

काठावर बसचा चालक सँडविच खात उभा होता. मी गुंडाळी उचलली. अंतर, कोन, वेग यांचा मनातल्या मनात हिशेब केला आणि सर्व शक्ती एकवटून दोर फेकला. फेक उत्कृष्ट होती. दोर थेट त्याच्या हातात गेला. दोन्ही टोकांसकट! माझ्या हातात काहीच उरले नाही. चालकाने एक टोक उंच धरून विनयाने विचारले, "आता काय करू?"

"अहो!" सुनंदा म्हणाली. तीस वर्षांत मी त्या एका शब्दाचे अनेक अर्थ ऐकले आहेत. हा नवा होता.

इतक्यात मागचा जुनाट दोरही "मी एकट्याने का?" असे म्हणून तुटला. नौका मोकळी झाली. तिला इंजिन नव्हते; होती फक्त भरती आणि चाळीस अनवाणी मराठी माणसे. मिस्टर विल्मॉट छतावर चढले. घंटा मागितली; त्यांना पूजेची घंटा देण्यात आली. समोरच्या काठावर एका सेलिंग क्लबच्या हिरवळीवर लोक जेवत बसले होते. त्यांनी पाहिले असेल ते असे: साठ वर्षांपूर्वीची युद्धनौका झेंडूच्या माळा लेवून, शंख वाजवत, सरळ त्यांच्या दिशेने येते आहे.

"बाजूला व्हा!" मिस्टर विल्मॉट घंटा बडवत ओरडत होते. मी इतका आनंदी म्हातारा आजवर पाहिलेला नाही.

होड्या पाण्यात उतरवण्यासाठी क्लबने केलेल्या उतारावर आमच्या नौकेने नाक टेकवले आणि ती थांबली. कोणाला खरचटलेही नाही. शिडी लागली. चाळीस माणसे अनवाणी पायांनी ऑक्टोबरच्या थंड गवतावर उतरली. जोडे पलीकडच्या काठी होते आणि रस्त्याने तिथे जायला आठ मैलांचा वळसा होता. पण शालिनीताईंनी शिडीच्या पायथ्याशीच ठाण मांडले. प्रसाद घेतल्याशिवाय कोणालाही पुढे सोडले नाही. क्लबच्या अध्यक्षांनाही नाही. त्यांनी शिऱ्याचा दुसरा द्रोण मागितला आणि मसाला दुधाचा थर्मास अर्ध्या तासात रिकामा झाला.

मिस्टर विल्मॉट यांनी क्लबच्या बाकावर बसून अहवाल लिहिला. 'बोट तरंगते का?' या रकान्यात त्यांनी 'फारच' असे लिहिले. परवाना मिळाला. केतकी माझ्याशी तीन मिनिटे बोलली नाही, मग गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, तू वेडी आहेस." मी ते लिंगासकट मान्य केले.

आता प्रश्न फक्त बोट परत नेण्याचा. मागच्या उधाणाला, म्हणजे अमावास्येला, ती सहज निघाली असती. पण त्या दिवशी लक्ष्मीपूजन! "लक्ष्मी यायची त्या दिवशी घरच जागेवरून हलवणार?" गुरुजींनी विचारले. मिस्टर विल्मॉट यांनी ते ऐकून घेतले आणि आरमारातही अपशकुन नको म्हणून शुक्रवारी निघत नसत, असे सांगून संमती दिली. केतकीची दिवाळी सेलिंग क्लबच्या दारात झाली. क्लब आता चकलीची वाट पाहतो.

प्रस्थान येत्या त्रिपुरी पौर्णिमेला आहे. चाळीस माणसे उतरल्यामुळे बोट पाऊण इंच वर येईल, हा माझा हिशेब सर्वांनी मान्य केला आहे. मिस्टर विल्मॉट यांनी सगळ्यांना कामे वाटून दिली आहेत. काल यादी टपालाने आली. गुरुजी होकायंत्रावर. शालिनीताई काठावरच्या लोकांच्या प्रमुख. सुनंदा टेहळणीला. माझे नाव सर्वांत शेवटी आहे. मी पलीकडच्या काठावर उभे राहून दोर धरायचा आहे. त्याचे एक टोक मार्क आधीच खुंटाला बांधून ठेवणार, दुसरे मिस्टर विल्मॉट स्वतः बोटीला बांधणार. मी मधला भाग धरायचा, आणि 'काहीही करायचे नाही' या शब्दांखाली दोन रेघा आहेत.

सुनंदा म्हणते, "एवढं मानाने बोलावलंय, जा हो." मला मात्र त्या दिवशी सकाळपासूनच थोडे सर्दीसारखे वाटेल, असा अंदाज आहे.

आपल्याला काय वाटते, मी जावे का?